वरच्या मजल्याचं भाडं

९ जानेवारी

आज पुन्हा बटाट्यांवरून भांडण. म्हणजे भांडले मी, दुकानदार नुसता हसत होता. माझ्या पुढच्या बाईला एक भाव आणि मला दुसरा. का म्हणून विचारलं तर म्हणे, "ताई, तुम्ही कंपनीतल्या." कंपनीतली म्हणजे मी काय साहेब आहे? मी तंत्रज्ञ. ओळखपत्रावर 'भूगर्भ तंत्रज्ञ' असं छापलंय, आणि नाव मोठं लक्षण खोटं ही म्हण बहुधा ते ओळखपत्र बघूनच कोणीतरी केली असावी. जमिनीत खोल भोक पाडून यंत्राने दगडाचे गोल दांडे वर काढतात, त्यांना कोअर म्हणतात. ते धुवायचे, मापायचे, कुठला किती खोलवरचा ते लिहून क्रमाने पेटीत लावायचे, हे माझं काम. त्यात काय सापडलं ते ठरवतात भूवैज्ञानिक बाई. त्यांचा पगार मुख्य कचेरीच्या हिशोबाने. माझा, या गावात राहायला किती खर्च येतो त्या हिशोबाने. आणि तो खर्च कंपनीने मोजला कधी, तर कंपनी इथे यायच्या आधी. तेव्हा गाव स्वस्त होतं. आता कंपनीमुळेच सगळं महागलं, पण कागदावर गाव अजून स्वस्त आहे, आणि मी कागदावरच राहते असा त्यांचा समज दिसतो.

सासूबाई म्हणाल्या, उद्यापासून भाजी मी आणते. त्यांच्या अंगावर कंपनीचं जाकीट नसतं.

१७ जानेवारी

घरी येताना रोजचा प्रश्न. घरमालकीण काकू खालच्या पायरीवर बसलेल्या असतात, चष्मा कपाळावर. मी फाटक उघडलं की विचारतात, "आज काय निघालं?" मी म्हणते, "दगड." त्या म्हणतात, "बरं." एवढंच. मागे एका मदतनिसाने काय सापडलं त्याची चहाच्या टपरीवर बढाई मारली आणि दुसऱ्या दिवशी त्याची नोकरी गेली. तेव्हापासून मी तोंडाला कुलूप लावलंय. ब्र काढत नाही. यांना सांगत नाही, सासूबाईंना सांगत नाही, तिथे काकूंची काय कथा.

आमच्या लग्नाला सात वर्षं झाली. त्यातली सहा मी कॅम्पवर तंबूत काढली आणि हे आईबरोबर तिकडे शहरात, शिलाई मशीन दुरुस्तीच्या दुकानात. दोन-तीन महिन्यांनी भेट. पाहुण्यासारखी मी जायची, पाहुण्यासारखा पाहुणचार घ्यायची आणि परत. मग कंपनीने कोअरची शेड गावात हलवली, मी काकूंचा वरचा मजला भाड्याने घेतला, यांनी दुकान बंद केलं, आणि तिघं एका छपराखाली आलो. इथे दुकानाला जागा परवडत नाही म्हणून हे पिशवी घेऊन दारोदार मशिनी दुरुस्त करतात. चालतंय. पण भाडं आणखी वाढलं तर नाही चालणार. मग मला कॅम्पवर जावं लागेल, तिथे जेवण-झोपणं फुकट आणि वर भत्ता, आणि ही दोघं परत शहरात. मला ते नकोय. अगदी नकोय. मोठ्याने बोललं की हे म्हणतात, "बघू." म्हणून इथे लिहिते.

२ फेब्रुवारी

काय निघालं ते इथेही लिहिणार नाही. नियम म्हणजे नियम. एवढंच लिहिते की आज दिवसभर मी करवतीवर होते.

रिकामा दगड आम्ही कापत नाही. तो धुऊन पुसून पेटीत झोपवला की झालं. बाईंनी ज्या दगडावर खडूची रेघ ओढली तोच उभा चिरायचा, अर्धा प्रयोगशाळेत, अर्धा पेटीत. करवतीवर सतत पाणी सोडावं लागतं, त्यामुळे दगडाचा भुगा आणि पाणी मिळून राखाडी चिखल उडतो. डांगरी, म्हणजे आमचा तो अंगभर एकच कपडा, संध्याकाळी शाळेच्या भिंतीच्या रंगाची झाली होती. केसांत, कानांत, सगळीकडे गाळ. सासूबाईंनी डांगरी दोनदा धुतली तरी मोरीत राखाडी पाणी येतच होतं. शेवटी तशीच खाली अंगणात दोरीवर घातली.

काकूंनी विचारलं. मी म्हटलं, "दगड." त्या हसल्या आणि म्हणाल्या, "बरं."

६ फेब्रुवारी

काकूंनी भाडं वाढवलं. पुढच्या महिन्यापासून.

मी चिडून खाली गेले, पण त्यांच्याशी भांडता येत नाही हीच पंचाईत. म्हणाल्या, "अगं, मला काय पोस्टाच्या पेन्शनीत बटाटे स्वस्त मिळतात? तुमच्या कंपनीचा भाव मलाही लागतोच की." त्यांचे यजमान पोस्टमन होते. त्यांच्या माघारी अर्धी पेन्शन येते, त्यात औषधं. खरं आहे सगळं. पण शेडमध्ये काही सापडल्याचा काकूंना नेमका आत्ताच कसा वास लागला? माझा संशय बाईंच्या ड्रायव्हरवर आहे. तो माणूस बोलबोल बोलतो.

यांनी विचारलं, मागच्या खेपेला भाडं कधी वाढलं होतं? मी म्हटलं, नोव्हेंबरात, आणि तेव्हाही आठवडाभर आमची कापाकापी चालली होती, म्हणजे तेव्हाही कोणीतरी बोललंच असणार. तर हे खिडकीतून खाली दोरीकडे बघत बसले. यांचं हे असंच. मी जिवाच्या आकांताने बोलत असते आणि यांचं लक्ष भलतीकडे.

१० फेब्रुवारी

पगाराचं विचारलं. बाई मनाने चांगल्या आहेत, कचेरीला लिहिते म्हणाल्या आणि लगेच माझ्यासमोरच लिहिलं. दुपारपर्यंत उत्तर आलं की राहणीमानाची पाहणी दोन वर्षांनी होईल, तोवर आहे तेच दर. बाईंनाच वाईट वाटलं. मला धीर द्यायला म्हणाल्या, "पण इथे तसा खर्च तरी काय होतो?" मी हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार.

१९ फेब्रुवारी

या घरातली माणसं बिघडली आहेत. माझी डांगरी आता स्वयंपाकघरात वाळत घालतात! चुलीच्या वर दोरी बांधलीये आणि जेवताना थेंब थेंब ताटाशेजारी पडतो. यांना विचारलं तर म्हणे, उन्हाने रंग उडतो. डांगरीचा रंग! ती काय लग्नातला शालू आहे? सासूबाईंना विचारलं तर म्हणे, बाहेर पाखरं घाण करतात. दोघांनी निदान एक तरी कारण ठरवून सांगावं. आणि गंमत म्हणजे माझ्या जादाच्या डांगऱ्यांतली एक, जी मी आठवडाभर घातलीसुद्धा नाही, ती मात्र रोज बाहेर दोरीवर. का, तर हवा लागावी म्हणून.

पण एक सांगते. गेले काही दिवस हे मला शेडवर घ्यायला येतात. येताना शाल आणतात आणि फाटकाच्या आधीच माझ्या अंगाभोवती लपेटतात, नीट, अगदी गुडघ्यापर्यंत. डोक्याला रुमाल बांध म्हणतात. थंडी वाजेल म्हणे. थंडी कधीच सरली. तरी मी शाल घट्ट धरते. इतक्या वर्षांत मला पहिल्यांदा कोणी घ्यायला येतंय.

३ मार्च

काकूंनी वाढवलेलं भाडं मागे घेतलं. "राहू दे आहे तेच," एवढंच म्हणाल्या. मला वाटतं, माझा चेहरा पाहून त्यांना दया आली असावी. मी आल्यावर मुद्दाम उतरलेल्या चेहऱ्याने जिना चढत असे, त्याचा उपयोग झाला.

मात्र त्यांचाही चेहरा उतरलेला होता. म्हणाल्या, "कंपनी गाशा गुंडाळणार का ग?" मी म्हटलं, मला काय माहीत. तर म्हणाल्या, "तू नको सांगूस. मला कोणी सांगावं लागत नाही. माझं मला कळतं."

काय कळतं काकूंना, देव जाणे. शेडमध्ये पेट्या ठेवायला जागा उरलेली नाही. पण ते मी सांगायचं नाही आणि त्यांनी विचारायचं नाही. भाडं वाचलं, बास. रात्री आम्ही तिघांनी अंडी केली, साजरं करायला. सासूबाईंनी अर्धं अंडं तसंच ठेवलं.

११ मार्च

सासूबाई हल्ली दुपारी खाली काकूंकडे असतात. दोघींच्या डोळ्यांत मोतीबिंदू, त्यामुळे शेंगा एकीने सोलायच्या आणि दुसरीने तपासायच्या, आणि तरी सालं राहायचीच. दोघींचं चांगलं गूळपीठ जमलंय. काकूंनी सासूबाईंना सांगितलं की हे घर त्या दोघांनी एकेक खोली करत बांधलं. यजमान टपाल वाटून आले की विटा भिजवायचे आणि काकू पाट्या उचलायच्या. जिन्याची शेवटची पायरी उंच झालीये ना, ती काकूंनी स्वतः घातलेली. माप चुकलं, पण यजमान म्हणाले, राहू दे, वर चढणाऱ्याला तुझी आठवण राहील.

सासूबाईंनी हे सांगता सांगता ताट बाजूला सारलं. मी म्हटलं, आई, काय झालं? तर म्हणाल्या, "काही नाही. खोटं वागायला लागलं की जेवण गोड लागत नाही." कोण खोटं वागतंय विचारलं तर उठून गेल्या. वय झालं की माणसं कोड्यात बोलतात.

१८ मार्च

काकू घर विकतायत.

घेणारा आहे डिझेलचा कंत्राटदार, आमच्या भोकं पाडायच्या यंत्रांना तोच डिझेल पुरवतो. आज गाडी घेऊन आला होता. काकूंना वाटतंय कंपनी चालली. कंपनी गेली की या घराला कुत्रंही विचारणार नाही, म्हणून आत्ताच मिळेल तेवढ्यात विकून पुतण्याकडे जायचं. किंमत ऐकून मी जिन्यातच थांबले. मागच्या वर्षी नुसत्या परसाला लोक तेवढे द्यायला तयार होते. आणि हा कंत्राटदार! त्याला पक्कं ठाऊक आहे की पुढच्या महिन्यात आणखी यंत्रं येतायत, त्यांच्या डिझेलचा करार त्यानेच केलाय.

जिन्यात त्याने यांना गाठलं. म्हणाला, तुम्ही काळजी करू नका, वरचा मजला तुमचाच, आहे त्याच भाड्यात, दोन वर्षं लेखी देतो. म्हणजे आमचं सगळं मिटलं. कॅम्प नाही, शहर नाही, तिघं इथेच. हेच तर मला हवं होतं. मला आनंद व्हायला हवा. झालाही, पण तो घशाखाली उतरत नाही.

सासूबाईंनी विचारलं, "तुला तिला काही सांगता येणार नाही ना?"

मी म्हटलं, "नाही हो आई. माझी नोकरी जाईल."

"मग तू नको सांगूस," म्हणाल्या आणि भाजी चिरायला बसल्या. मला वाटलं होतं रागावतील, पण नाही रागावल्या.

२१ मार्च

उद्या कागदांवर सह्या. आज पुन्हा दिवसभर करवतीवर. यांना लांबच्या वस्तीवर काम होतं म्हणून घ्यायला आले नाहीत, मी आपली मागच्या बोळाने आले. काकू पायरीवर नव्हत्या. आत भांड्यांचा आवाज येत होता, बांधाबांध चालली असणार.

वर आले, डांगरी काढून बादलीत टाकली, आणि अंघोळ करून येते तो काय! सासूबाईंनी डांगरी तशीच, नीट खळबळलीसुद्धा नाही, उचलून खाली नेली आणि अंगणात काकूंच्या दारासमोरच दोरीवर घातली. राखाडी चिखल टपटप गळतोय. तेवढ्यावर भागलं नाही. कालची आणि परवाची, ज्यांच्यावरचे डाग निघाले नव्हते, त्यासुद्धा शेजारी घातल्या, हात पसरून, पाठमोऱ्या तीन माणसांसारख्या. मी खिडकीतून ओरडले, "आई, अहो, चिखल निघाला नाही अजून! लोक काय म्हणतील?" तर मान वर न करता म्हणाल्या, "दिसू दे."

डोळ्यांना कमी दिसतं हे मान्य, पण इतकं? मोतीबिंदूचं आता लवकर बघायला हवं. त्यात पुन्हा पैसे. हे आले, त्यांनी दोरी पाहिली, आईकडे पाहिलं, आणि पिशवी खाली ठेवली. मग म्हणाले, "बरं केलंस." काय बरं केलं?

२२ मार्च

सकाळी कंत्राटदार आला आणि आल्या पावली परत गेला. काकूंनी त्याला फाटकाच्या आतही घेतलं नाही. मग जिन्यावर पावलं वाजली. आम्ही राहायला आल्यापासून काकू पहिल्यांदा वर आल्या. शेवटच्या पायरीवर दम खाऊन त्या आत आल्या आणि थेट सासूबाईंसमोर उभ्या राहिल्या.

"कपडे घरात वाळत घालायची अक्कल कोणाची?"

"माझी," सासूबाई म्हणाल्या. हे काहीतरी बोलायला गेले तर सासूबाईंनी हातानेच गप्प केलं.

"आणि काल बाहेर घालायची?"

"तीही माझीच."

काकू खाली बसल्या. मी मात्र खुळ्यासारखी तिघांकडे पाहत होते, आणि मग एकदम, अगदी एकदम माझ्या डोक्यात उजेड पडला. दोरी. चुलीवरची डांगरी. नोव्हेंबर. शाल! ती शाल! मी वर्षभर तोंड शिवून फिरत होते आणि माझे कपडे काकूंच्या अंगणात उभं राहून सगळं सांगत होते. करवत चालली की डांगरी राखाडी, डांगरी राखाडी की भाडं वर, डांगरी स्वच्छ की कंपनी चालली.

काकू शेवटी म्हणाल्या, "भाडं वाढणार."

"वाढू दे," सासूबाई म्हणाल्या. "चहा टाकू?"

काकू हो म्हणाल्या. दोघींनी चहा घेतला, आणि इकडे मी मोरीत जाऊन रडले. लाजेने की कशाने ते सांगता येत नाही. भाडं वाढलं म्हणजे मी कॅम्पवर, ही दोघं शहरात, आणि हे ठाऊक असून सासूबाईंनी ते केलं. राग यायला हवा होता. आला नाही. मलाच ते करता आलं नाही याचं वाईट वाटलं.

संध्याकाळी कंपनीची नियमावली वाचून काढली. कपडे कुठे वाळत घालावेत याविषयी तिच्यात काही नाही. तरी उद्यापासून मी डांगरी शेडवरच धुणार.

३० मार्च

बाईंना सांगितलं की मला कॅम्पवर पाठवा. शालीबद्दल यांच्याशी अजून बोललेले नाही. धीर होत नाही. एक दिवस विचारीन, की त्यातली थोडी तरी थंडीसाठी होती का.

बाई म्हणाल्या, कॅम्पचं बघते, पण आधी मला सांगा, तुमच्याकडे कुठे घर मिळेल का? यंत्रांबरोबर नवी माणसं येणार, त्यांच्यासाठी बाईंना पाहुणेघर सोडावं लागतंय. कंपनी भाडं देणार. मी काय बोलणार? आमचाच मजला रिकामा होतोय म्हटलं. संध्याकाळी त्यांना घेऊन आले. काकूंनी मनाचा हिय्या करून कंपनीचा भाव सांगितला. आकडा सांगताना त्यांचाच आवाज चिरकला. बाई म्हणाल्या, "एवढंच? किती स्वस्त आहे हो तुमचं गाव!" काकू पायरीवरून पडायच्याच बाकी होत्या.

बाई गेल्यावर काकूंनी मला थांबवलं. म्हणाल्या, मागची खोली आहे. यजमानांची सायकल आणि पोती काढली की रिकामी होईल. भाडं सांगितलं ते इतकं कमी की मला वाटलं काहीतरी चुकलं, म्हणून मी विचारलं, हे कोणत्या हिशोबाने?

"तुझ्या सासूच्या," काकू म्हणाल्या. "आणि नवऱ्याला सांग, दारोदार हिंडू नको म्हणावं. ओटा पडलाय नुसता. तिथे बसू दे त्याच्या मशिनी मांडून."

वर येऊन मी यांना सांगितलं तर हे पहिल्यांदाच "बघू" म्हणाले नाहीत. उठून सरळ सायकल काढायला गेले.

८ एप्रिल

खाली आलो. वरचा मजला बाईंना गेला. बाई बूट घालून चालतात, त्यामुळे शेडमध्ये डोक्यावर आणि घरीही डोक्यावर, माझी सुटका नाही. ओट्यावर दोन मशिनी आल्यासुद्धा, एक तर काकूंच्या मैत्रिणीची, जी म्हणे अनेक वर्षं चाललीच नव्हती.

खोली एकच आणि लहान आहे. मी सासूबाईंची गादी खिडकीशी घातली, आमची भिंतीशी, मध्ये पडद्याला खिळे ठोकले. तर त्यांनी गादीची गुंडाळी केली आणि निघाल्या काकूंच्या खोलीत झोपायला. मी म्हटलं, आई, हे काय? एवढं सगळं तिघांनी एकत्र राहावं म्हणून केलं आणि तुम्ही पहिल्याच दिवशी चाललात! मला खरंच लागलं ते. काकू आता माझ्यापेक्षा जवळच्या झाल्या का, असंही बोलून गेले.

त्या म्हणाल्या, "तसं नाही ग. हा घोरतो. मला झोप लागत नाही." आणि दार बाहेरून ओढून घेऊन गेल्या.

मी यांच्याकडे पाहिलं. हे कानापर्यंत लाल झाले होते. वरती इतके दिवस पलीकडच्या खोलीतून मला तर काही ऐकू आलं नव्हतं. सासूबाई मात्र त्यांच्या शेजारी इतकी वर्षं झोपल्या आहेत, त्यांना ठाऊक असणार. सहा वर्षं मी तंबूत आणि गेलं वर्षभर मी आणि सासूबाई एका खोलीत, हे दुसऱ्या. बायको असून मला माझा नवरा घोरतो की नाही हे माहीत नाही.

आज समजेल.